पिल्लाचे पाय शिकतात: घरातल्या पॅडवर शी-शू करायची सवय कशी लावायची

बाकी सगळं ज्या गोष्टीवर उभं आहे ती आधी सांगते. कुत्र्याचं पिल्लू शी-शूची जागा पायाने ओळखतं. जन्मल्यावर पहिले दोन-तीन आठवडे त्याची आई त्याला चाटते, तेव्हाच त्याला शी-शू होते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ते लटपटत का होईना, झोपायच्या जागेपासून दूर जाऊन करायला लागतं. त्या दिवसांत पायाखाली जे लागेल, माती, गोणपाट, वर्तमानपत्र, गवत, ते त्याच्या अंगवळणी पडतं. आठ-नऊ आठवड्यांचं पिल्लू तुमच्या दारात येतं तेव्हा त्याची ही पसंती बऱ्यापैकी ठरलेली असते.

म्हणून पिल्लू घेताना त्याचा रंग, कान, शेपूट बघून झालं की एक प्रश्न नक्की विचारा: हे कशावर वाढलं? आमची चिंगी औशाकडच्या एका शेतातल्या आखाड्यावर जन्मली. कडब्याच्या गंजीच्या आडोशाला तिच्या आईने जागा केली होती आणि खाली सोयाबीनची रिकामी पोती पसरलेली होती. लातूरच्या फ्लॅटमध्ये आल्यावर आम्ही पिल्लांच्या शी-शूसाठी मिळणारा, ओलं शोषून घेणारा पांढराशुभ्र नवा पॅड अंथरला, तर ती त्याच्या कडेला बसून दाराजवळचं काथ्याचं पायपुसणं शोधायची. तिच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. पायाला खरखरीत लागतं, ते आपलं. मग स्वच्छ धुतलेल्या पोत्याचा वीतभर तुकडा पॅडच्या मधोमध ठेवला. ती आली, वास घेतला, पुढचे दोन पाय त्या तुकड्यावर टेकवले, गोल फिरली आणि बसली. पुढे तो तुकडा कापून लहान लहान करत गेलो. शेवटी रुपयाएवढा उरला, मग तोही काढला.

पिल्लू वर्तमानपत्रावर वाढलेलं असेल तर पॅडवर पेपर पसरा आणि रोज थोडा फाडून कमी करा. मातीत वाढलेलं असेल तर मूठभर माती पॅडवर भुरभुरा, पण ती घरातल्या कुंडीतली घ्या. रस्त्याकडेची किंवा मैदानातली माती नको. दुकानातल्या जाळीच्या पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लाला जरा जास्त वेळ द्यावा लागतो, कारण तिथे झोपणं, खाणं आणि शी-शू सगळं एकाच जागी होतं. झोपायची जागा स्वच्छ ठेवायची त्याची उपजत ओढ त्यामुळे मंद झालेली असते. अशा पिल्लावर चिडू नका. त्याला आजवर दुसरी जागाच मिळालेली नव्हती.

खाली फिरवायला न नेता पॅड कशाला, असं अनेक जण विचारतात. वाड्यात किंवा शेतात राहत असाल तर खरंच पॅडची गरज नाही. पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि खाली गल्लीत मोकाट कुत्री आहेत. लशी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला तिथे टेकवू नये, याचं कारण पार्व्हो. रक्ताचे जुलाब आणि उलट्या होऊन पिल्लं दोन-तीन दिवसांत जाऊ शकतात. हा विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकून राहतो. तिथे आज एकही कुत्रं दिसत नसलं तरी जागा सुरक्षित आहे असं समजायचं नाही. लस साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस असतो आणि सोळा आठवड्यांपर्यंत ही मालिका चालते. रेबीजची लस तीन महिन्यांच्या आसपास. म्हणजे सवय लागायचे सगळ्यात महत्त्वाचे दोन महिने पिल्लू घरातच काढतं. त्यात आमचा उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा दुपारी दोन वाजता डांबरी रस्त्यावर आपण अनवाणी उभे राहू शकत नाही, मग त्या कोवळ्या पंज्यांचं काय होईल?

जागा कुठली निवडायची

जागा एकदा ठरली की निदान पहिला महिना हलवायची नाही. खाण्याच्या भांड्यापासून आणि झोपायच्या गादीपासून लांब हवी, पण तुमच्या डोळ्यांसमोर हवी. आमच्याकडे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळीत पॅड असतो. भाकरी थापताना मान वळवली की दिसतो. न्हाणीघरात पॅड ठेवू नका. तिथली फरशी सतत ओली, दार कोणीतरी लावून घेतं आणि नेमकं त्याच वेळी पिल्लू दाराशी जाऊन उभं राहतं. गॅलरी बरी वाटते, पण पश्चिमेकडची असेल तर दुपारनंतर तिथली फरशी तव्यासारखी तापते. एकदा चटका बसला की पिल्लू त्या जागेला भिऊन राहतं आणि ती भीती घालवणं मूळ सवय लावण्यापेक्षा अवघड.

कूलरच्या झोतातही पॅड नको. कोपरे फडफडतात, पिल्लू दचकतं, नाहीतर खेळणं समजून ओढायला लागतं. चारही कोपरे फरशीला चिकटपट्टीने चिकटवा.

देवघराचा प्रश्न आमच्याकडे आधीच निघाला. सासूबाई म्हणाल्या, "लेकरू हाय ते, त्याला काय कळतंय, पण देवापशी नगं बाई." त्यांचं म्हणणं रास्तच होतं. घरातल्या मोठ्या माणसांना विचारूनच जागा ठरवा, कारण दिवसभर पिल्लाजवळ बहुतेक तीच असतात. त्यांचं मन राजी नसेल तर पिल्लू देवघराकडे सरकताच आरडाओरडा होतो आणि पिल्लू लपून करायला शिकतं. आम्ही देवघराच्या खोलीला गुडघाभर उंचीची फळी आडवी लावली. सासूबाईंचं सोवळंही राहिलं आणि चिंगीला तिथे जायची सवयच लागली नाही.

आता घरभर फिरून पायाला मऊ किंवा खरखरीत लागणारं जे जे जमिनीवर आहे ते उचला. पायपुसणी, सतरंजी, वाकळ, जमिनीवरची गादी, सोफ्याखालचा गालिचा. पिल्लाच्या पायाला पॅड आणि पायपुसणं सारखंच लागतं. दोन्ही ओलं शोषून घेतात, दोन्हींवर पाय घसरत नाही. पॅडची सवय पक्की होईपर्यंत घरात जमिनीवर अशी एकच वस्तू असावी, आणि ती म्हणजे पॅड. एवढी एक गोष्ट केली तरी अर्धं काम होतं.

पॅड साठ बाय साठ सेंटीमीटरचे घ्या. लहान पिल्लाला लहान पॅड पुरेल असं वाटतं, पण पिल्लू बसण्याआधी गोल गोल फिरतं आणि पुढचे पाय पॅडवर असताना मागचा भाग बाहेर जातो. त्याच्या हिशोबाने ते पॅडवरच असतं. सुरुवातीला दोन पॅड जोडून अंथरा. काही पिल्लं जिथे शू केली तिथे शी करत नाहीत, त्यांच्यासाठीही हे सोयीचं पडतं. शक्य असेल तर बोळीच्या तोंडाशी प्लायवूडची फळी किंवा आडवा केलेला स्टूल लावून लहानसं कुंपण करा. एका टोकाला गादी आणि पाणी, दुसऱ्या टोकाला पॅड. लक्ष ठेवायला कोणी मोकळं नसेल तेव्हा पिल्लू त्या कुंपणात. मोकळं घर मिळवायचं असतं ते हळूहळू, एकेक खोली करत.

वेळा

पिल्लाच्या पोटाचं घड्याळ फार नेमकं असतं. झोपेतून उठल्या उठल्या शू. खाल्ल्यावर पाच ते वीस मिनिटांत शी. खेळ रंगात आलेला असताना मध्येच थांबून जमीन हुंगायला लागलं, गोल फिरायला लागलं, सोफ्याच्या मागे निघालं, की समजा वेळ झाली. या प्रत्येक वेळी त्याला अलगद पॅडपाशी न्या. शक्यतो चालवत न्या, उचलून नाही. उचलून नेलं तर वाट त्याच्या पायाला कळत नाही.

पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवला तर तितके तास ते जास्तीत जास्त धरू शकतं असा एक ढोबळ हिशोब आहे. दोन महिन्यांचं पिल्लू म्हणजे तीन तास. पण हा आकडा झोपेतला धरा. जागं असताना, खेळताना, लहान जातीच्या पिल्लाला तासाभरातच लागते. पॉमेरेनियन, स्पिट्झ, शिह त्झू यांची मूत्राशयंच लहान. लॅब्राडॉरवाल्या शेजाऱ्यांचं पिल्लू लवकर शिकलं म्हणून तुमचं मठ्ठ ठरत नाही.

खाण्याच्या वेळा ठरवा. दिवसभर वाटी भरून ठेवली तर शीची वेळ कधीच कळणार नाही. या वयात दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं, आणि वीस मिनिटांनी वाटी उचलायची. दूध-भाकरी कुस्करून द्यायची आपल्याकडची पद्धत आहे, पण दूध अनेक पिल्लांना पचत नाही. जुलाब लागले की कुठलीच सवय लागत नाही, पॅडपर्यंत पोचायलाच वेळ मिळत नाही.

आणि हे कळकळीने सांगते: शू कमी व्हावी म्हणून पाणी तोडू नका. वाटी उचलून ठेवायचा सल्ला सर्रास दिला जातो. आमच्या उन्हाळ्यात, कूलर चालू असलेल्या घरातसुद्धा, दोन किलोच्या जिवाच्या अंगातलं पाणी पाहता पाहता कमी होतं. हिरड्या कोरड्या, चिकट लागायला लागल्या, पिल्लू सुस्त पडलं तर तो दवाखान्यात न्यायचा प्रसंग आहे. दिवसभर ताजं पाणी पुढ्यात हवंच. रात्री शेवटचं खाणं झोपायच्या दोन-तीन तास आधी द्या, झोपण्यापूर्वी पॅडवर न्या, एवढं पुरे. रात्री एकदा कुरकुरून उठवेल. उठा, दिवे न लावता पॅडवर न्या, झालं की परत गादीवर. त्या वेळी खेळवायचं नाही, बोलायचं नाही, नाहीतर ते रोज रात्री खेळायला उठवेल.

शब्द आणि खाऊ

घरात सगळ्यांनी मिळून एकच शब्द ठरवा. आमच्याकडे "चिंगी, सू कर." नवरा एक म्हणतोय, मुलगी दुसरं, आजी तिसरं, असं झालं तर पिल्लासाठी तो नुसता आवाज. पॅडवर हुंगायला लागलं की हळू आवाजात तो शब्द एकदा किंवा दोनदा. सारखा घोकायचा नाही.

शू पूर्ण झाली, की त्याच क्षणी, तिथेच, पॅडवर असतानाच खाऊ. डबा स्वयंपाकघरात असेल आणि तुम्ही तो आणायला गेलात, तर पिल्लाला वाटतं स्वयंपाकघरात आल्याबद्दल मिळालं. म्हणून पॅडच्या वर भिंतीला खिळा ठोकून त्याला छोटा डबा अडकवा. उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा, शाकाहारी घर असेल तर पनीरचा कण किंवा भाकरीचा पापुद्रा. मनुका, बेदाणे, चॉकलेट, कांदा यांपैकी काहीही नाही. कुत्र्यांना ते विषारी आहे. सणासुदीला आलेल्या पाहुण्यांना हे आधी सांगून ठेवा, कारण शिऱ्यातले बेदाणे प्रेमाने भरवले जातात. शू चालू असताना मोठ्याने "शाब्बास" ओरडू नका. पिल्लू अर्धी शू टाकून तुमच्याकडे धावतं आणि उरलेली सोफ्याजवळ होते.

चुकीच्या जागी झाली तर

करताना दिसलं तर हलकी टाळी वाजवा, ते थबकेल, मग पॅडवर न्या. उरलेला थेंबभर जरी तिथे पडला तरी खाऊ द्या. नंतर कळलं तर काहीही करू नका. पुसा आणि पुढे चला. पिल्लाचं नाक त्या शूत घासायचं, वर्तमानपत्राची सुरळी करून मारायचं, हे अजूनही कित्येक घरांत चालतं. मला ते बघवत नाही. त्यातून पिल्लू एवढंच शिकतं, की माणसासमोर शू केली की मार बसतो. मग ते तुमच्या देखत पॅडवरही करत नाही, दिवाणाखाली जाऊन करतं. कान पाडून, शेपूट आत घेऊन बसलेलं पिल्लू "चूक कळली" असं सांगत नसतं. ते तुमच्या आवाजाला घाबरलेलं असतं.

पुसण्यात खरी मेख आहे. आपल्याला वास येईनासा झाला म्हणजे पिल्लालाही येत नाही असं नाही. वास राहिला तर ती जागा त्याच्यासाठी दुसरा पॅड. पेट शॉपमध्ये एन्झाइम असलेलं क्लीनर मिळतं, ते सर्वांत चांगलं, कारण ते मूत्रातल्या वास देणाऱ्या घटकांनाच फोडतं. ते नसेल तर आधी कोरड्या फडक्याने दाबून सगळं टिपून घ्या, मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात. मात्र संगमरवर, कडप्पा किंवा शहाबादी फरशीवर व्हिनेगर वापरू नका, आम्लाने दगडाची झिलई जाते. जुन्या घरांतल्या शहाबादी फरशीचा आणखी एक त्रास आहे: ती शू आत शोषते आणि सांध्यांत वास महिनोन्महिने राहतो. तिथे एन्झाइमचं क्लीनरच घ्या आणि बाटलीवर लिहिलं असेल तेवढा वेळ ओलं राहू द्या. फिनेल टाळा. पिल्लू त्या ओल्या फरशीवर चालतं आणि मग पंजे चाटतं. अमोनिया असलेलं द्रावणही नको, त्याचा वास शूसारखाच. ब्लीच आणि व्हिनेगर चुकूनही एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो.

पाण्याचा विचार मी मुद्दाम करते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून ज्या शहराला दिलं, त्या शहरात राहणाऱ्या माणसाला बादलीभर पाणी फरशीवर ओतणं जमत नाही. आधी टिपून घेतलं तर तांब्याभर पाण्यात काम होतं. धुऊन वापरायचे कापडी पॅडही मिळतात. नळाला पाणी नीट येत असेल तर जरूर घ्या, पैसे वाचतात. टँकरच्या दिवसांत मात्र आम्ही एकदाच वापरायचेच आणतो.

वापरलेल्या पॅडमध्ये पाणी धरणारी रसायनाची पूड असते आणि खाली प्लॅस्टिक. तो संडासात टाकू नका, जाळूही नका. शी उचलून संडासात, पॅड पेपरात गुंडाळून घंटागाडीत, ओल्या कचऱ्यात न मिसळता. नंतर साबणाने हात. पिल्लांच्या पोटात जंत असतातच असं धरून चाला आणि जंताचं औषध डॉक्टर सांगतील त्या वेळापत्रकाने द्या, विशेषतः घरात रांगतं बाळ असेल तर.

पॅड बदलताना जुन्याचा एक ओला तुकडा नव्याखाली दोन-चार दिवस ठेवा, वासाने जागा पक्की होते. पण पॅड फार घाण होऊ देऊ नका, पिल्लू स्वतःच टाळतं. पॅड फाडायची खोड असेल तर जाळीचं झाकण असलेला ट्रे घ्या आणि चघळायला दुसरं काही द्या. आतली जेल गिळली असेल आणि उलट्या होत असतील तर वाट बघू नका.

नर पिल्लं साधारण सहा महिन्यांपर्यंत बसूनच शू करतात, मग पाय वर करायला लागतात आणि धार भिंतीवर जाते. एक लिटरची बाटली पाण्याने भरा, तिला पॅड गुंडाळा आणि पॅडच्या मधोमध उभी करा. त्याला नेम धरायला जागा मिळते.

चांगली सवय लागलेलं पिल्लू अचानक सगळीकडे थेंब थेंब करायला लागलं, करताना कण्हलं, शू लालसर दिसली, तर ती शिस्तीची गोष्ट नाही. मूत्रमार्गाला संसर्ग झालेला असू शकतो. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. आमच्या भागात उदगीरला आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, अवघड दुखणं असेल तर तिथे नेता येतं. कोणी दारात आलं की आनंदाने किंवा भीतीने जागीच शू होते, ते वेगळं. त्या वेळी त्याच्याकडे न बघता खाली बसा, त्याला तुमच्याकडे येऊ द्या. वयाबरोबर ते बहुतेक थांबतं.

लशी पूर्ण झाल्यावर बाहेरची सवय लावायची असेल तर पॅड रोज हातभर दाराकडे सरकवा. सरकवल्यावर चुका वाढल्या तर एक दिवस मागे घ्या. दारापर्यंत पोचला की तोच पॅड खाली नेऊन मातीवर अंथरा, आणि मग पोत्याच्या तुकड्यासारखाच कापत कापत लहान करा. पावसाळ्यासाठी आणि मे महिन्याच्या दुपारींसाठी घरातला पॅड आम्ही तसाच ठेवलाय.

गावी जाताना नवे पॅड तर न्याच, पण सकाळचा किंचित ओला झालेला एक पॅड पिशवीत घट्ट बांधून सोबत घ्या. पोचल्या पोचल्या, पाहुण्यांच्या चहाच्याही आधी, ओसरीच्या कोपऱ्यात तो अंथरा आणि पिल्लाला चालवत तिथे न्या.